निरंजनला विचारा

निरंजन तलकाडने उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली नव्हती, आणि तरीही बेंगळूरच्या जयनगरातल्या त्या कचेरीत शेवटचा शब्द त्याचाच असे. पहिली ओळ वाचायची, फोनवर अंगठा पाठवायचा आणि पुढच्याकडे वळायचं. याला तो वेग म्हणे. बाकीचे त्याच्या पाठीमागे याला काय म्हणत ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण म्हणत ते पाठीमागेच, आणि त्या भित्र्या मंडळींत वाग्देवी केदिलायही होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कंपनीचं नाव तंपुगाडी. थंडाव्याच्या गाड्या चालवायची. किनाऱ्यावरची मासळी, दोड्डबळ्ळापूरची फुलं, दावणगेरेचं लोणी असं काय काय त्यांतून फिरे. पूर्वी ड्रायव्हरांचे निरोप घ्यायला फोनवर मुली बसत. आता किट्टू होता. किट्टू म्हणजे बोलकं यंत्र. ड्रायव्हर कन्नडात, तुळूत, मोडक्या हिंदीत काहीही बोलला तरी त्याला कळे, आणि पुढचं पाऊल तो स्वतःच उचले. रस्ता बदलायचा, ग्राहकाला कळवायचं, गाडी उभी करायची, अशा एकेका कामासाठी त्याच्या हाताशी एकेक अवजार दिलेलं होतं. अवजारं बनवणारे वेगळे. वाग्देवीचं काम एवढंच, की प्रत्येक अवजाराचं वर्णन लिहायचं.

हे ‘एवढंच’ निरंजनच्या तोंडचं. अवजाराच्या पोटात काय आहे ते किट्टूला दिसत नाही. परक्या स्वयंपाकघरात शिरलेल्या नव्या आचाऱ्यासारखी त्याची गत: डबे सगळे बंद, झाकणावर जे लिहिलंय तेवढंच खरं. झाकणावर नुसतं ‘पांढरी पूड’ लिहून ठेवलंत तर मीठ खिरीत जाणार, आणि त्यात आचाऱ्याचा काही दोष नाही. म्हणून वाग्देवी अवजार काय करतं ते लिही, कधी वापरावं ते लिही, आणि सगळ्यांत जास्त जीव ओतून कधी वापरू नये ते लिही. पुत्तूरकडची ही मुलगी बोलायला अडखळायची, पण तिच्या लिहिण्यात कुणाला बोट ठेवायला जागा सापडत नसे.

त्या अवजारांत दोन नावं जुळी होती. ‘फेरी थांबवा’ आणि ‘फेरी संपवा’. पहिलं गाडी उभी करी आणि थंडावा चालू ठेवी. दुसरं माल उतरवून झाल्यावरचं. डिझेल वाचावं म्हणून ते थंडावाही बंद करून टाकी. वाग्देवीने दुसऱ्याचं वर्णन असं लिहिलं होतं: हे अवजार फेरी संपवतं आणि गाडीतला थंडावा बंद करतं. गाडीत माल असेल तर वापरू नये. गाडी नुसती उभी करायची असेल तर ‘फेरी थांबवा’ वापरावं.

एके दिवशी निरंजनने तिला खालच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफीला नेलं. त्या कचेरीत हुकूम निघत ते तिथेच, उभ्याउभ्या, बाय-टू कॉफीवर. एका कॉफीचे दोन पेले, अर्धी त्याला, अर्धी ज्याची मान कापायची त्याला. लिहून कुणी काही मागत नसे. मागितलं तर माणूस अविश्वासू ठरे.

“देवी,” निरंजन म्हणाला. तिचं पूर्ण नाव त्याने कधी घेतलं नाही. “ही काय पुराणं लिहून ठेवलीयस? किट्टू दर निरोपाला ही सगळी वाचतो. शब्दाशब्दाला बिल चढतं. मालकीणबाईंना मी शब्द दिलाय, महिनाअखेर बिल खाली आणतो म्हणून. एका अवजाराला एक ओळ. बास.”

“सर, पुढच्या ओळी काढल्या तर कधी वापरू नये ते त्याला कळणार कसं?”

“अगं, हुशार आहे तो. तुझ्यापेक्षा तरी आहे.”

“पण सर, ‘फेरी संपवा’चं तरी—”

“कॉफी गार होतेय,” निरंजन म्हणाला, आणि स्वतःचा पेला संपवून निघालासुद्धा.

वाग्देवीने वर येऊन ओळी छाटल्या. बदल तिने केला म्हणून बदलापुढे नाव तिचं उमटलं. ‘फेरी संपवा’पुढे उरलं एवढंच: हे अवजार चालू फेरी संपवतं. निरंजनचा अंगठा लगेच आला.

नंतर पावसाळ्यात शिराडी घाटात दरड कोसळली. किनाऱ्यावरच्या मलपे बंदरातून निघालेली गाडी बेंगळूरला येत होती. मासळी विकणाऱ्या बायकांनी मिळून भरलेली, आत अंजल, म्हणजे सुरमई, आणि बांगडा. ड्रायव्हरने किट्टूला कळवलं, घाट बंद आहे, आजची फेरी काही पुढे सरकत नाही. किट्टूने डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. फेरी सरकत नाही, म्हणजे संपली. त्याने ‘फेरी संपवा’ उचललं आणि ड्रायव्हरचे नम्रपणे आभार मानले. ड्रायव्हर बाकीच्यांबरोबर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. घाट मोकळा होईपर्यंत गाडीत मासळी राहिली नव्हती, नुसता चिखल राहिला होता.

मालकीणबाई म्हणजे अहल्या बेळ्ळियप्पा, कोडगूच्या. कमी बोलत आणि बोललेलं फिरवत नसत. त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, वर्णन कुणी छाटलं. निरंजनने वाग्देवीकडे पाहिलंही नाही. “नाव केदिलायचं आहे, मॅडम. मी तिला नेहमी सांगतो, सावकाश कर, विचार करून कर. पण हल्लीच्या मुलांना घाई.”

वाग्देवीने तोंड उघडलं. अर्ध्या कॉफीवर मिळालेला हुकूम सिद्ध कसा करायचा? ती “मॅडम, मला—” एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यात निरंजनच पुढे बोलला, “माफी मागायला तिलाच पाठवू या. शिकेल.”

अशी ती मलप्याला गेली. जिच्या घरी मासळीचा वास कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता ती मुलगी धक्क्यावर हात जोडून उभी राहिली, आणि समोर त्या बायका. त्यांची म्होरकी शारदक्का मेंडन, रुंद बांध्याची, आवाज लाटांवरून पलीकडे जाणारा. तिने शिव्या दिल्या नाहीत. तिने वाग्देवीचं मनगट धरलं, एका पेटीचं झाकण उघडलं आणि म्हणाली, “हात घाल.”

“अक्का—”

“घाल, पोरी. तू लिहिलंस ना? मग काय लिहिलंस ते हाताला कळू दे.”

वाग्देवीने हात घातला. शारदक्काने तो कोपरापर्यंत आत दाबला आणि मग सोडून दिला. “जा आता. तुझ्यावर राग काढून माझी मासळी काही उठून पोहायला लागणार नाही.”

बसमध्ये शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. वाग्देवीने घरी येऊन चिंच, लिंबू, राख सगळं लावून पाहिलं. सुडाची कल्पना मनात मुरायला वेळ लागतो असं म्हणतात. तिला मलप्याच्या बसस्टँडपर्यंतही लागला नव्हता. तिला निरंजनचं वाईट व्हायला हवं होतं, आणि ते चारचौघांत व्हायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट. रोज सकाळी ती त्याला “गुड मॉर्निंग, सर” म्हणे आणि मनात त्याचा हात त्या पेटीत कोपरापर्यंत घाली.

संधी निरंजननेच आणून दिली. असली माणसं आणून देतातच.

त्या नासाडीनंतर अहल्याबाईंनी फर्मान काढलं, की मोठा निर्णय घेण्याआधी किट्टूने एखाद्या माणसाला विचारलंच पाहिजे. निरंजन खुर्चीतून जवळजवळ उठलाच. “मला विचारू दे, मॅडम. मी जबाबदारी घेतो.” नवं अवजार ठरलं. नावही त्यानेच ठेवलं: ‘निरंजनला विचारा’.

पुन्हा दर्शिनी, पुन्हा अर्धी कॉफी. “देवी, याचं वर्णन झकास लिही हां. या वेळी हवं तेवढं लांब लिही, मॅडमनीच सांगितलंय काटकसर नको. आणि वर्णनाखाली नाव माझं टाक. कल्पना माझी आहे, मॅडमना दिसायला हवं.”

“तुमचं नाव? नक्की ना, सर?”

“म्हणजे काय? आता सगळं तुझ्याच नावावर जाणार होय?”

वाग्देवी कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तिला इतका आनंद झाला होता, की रिकामा पेलाही तिने पुन्हा तोंडाला लावला.

ती लिहायला बसली. खोटं एक अक्षर लिहायचं नाही हे तिने सुरुवातीलाच ठरवलं. खोटं लिहिलं असतं तर निरंजन खोटं म्हणून झटकून मोकळा झाला असता. एकेक वाक्य लिहून ती स्वतःला विचारी, हे घडलंय का? कुणासमोर घडलंय? ज्याला साक्ष नव्हती ते तिने खोडलं. जे नुसत्या रागाचं होतं तेही खोडलं, आणि ते खोडताना तिला फार जड गेलं. तो कॉफी अर्धीच पाजतो हे शंभर टक्के खरं होतं, पण किट्टूच्या कामाचं नव्हतं; गेलं.

मग तिने चाचणीच्या किट्टूला ते देऊन पाहिलं. ‘नाशवंत माल असेल तर वापरणं टाळावं’ असं लिहिलं होतं तोवर किट्टू मधूनच निरंजनला विचारत राही. ‘वापरू नये’ केलं. किट्टूने विचारणं बंद केलं. दूध, फुलं, मासळी, लोणी, काहीही सांगून पाहिलं, तो निरंजनच्या वाटेलाही जाईना. हे तिचं आजवरचं सगळ्यांत चोख काम होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

वर्णन तिने निरंजनला पाठवलं आणि त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. “सर, एकदा शेवटपर्यंत वाचाल? तुमच्या नावावर जातंय.”

हे तिने खऱ्या मनाने विचारलं का? नाही. तो वाचणार नाही याची तिला खात्री होती, आणि पुढे कधी कुणी विचारलं तर ‘वाचा म्हटलं होतं’ असं सांगता यावं एवढ्यासाठीच तिने विचारलं. निरंजनने पहिली ओळ वाचली: हे अवजार निरंजन तलकाड यांना प्रश्न पाठवतं आणि त्यांचं उत्तर परत आणतं. “सुंदर,” तो म्हणाला. अंगठा गेला.

त्याच आठवड्यात शारदक्का बेंगळूरला आली. मलप्याच्या बायका कंपनी सोडायच्या बेतात होत्या, आणि त्या गेल्या असत्या तर किनाऱ्यावरचे बाकीचेही गेले असते. अहल्याबाईंनी तिला मोठ्या खोलीत बसवलं. मद्दूर वडे आले. निरंजनने भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत आलेख लावले.

शारदक्काने वड्याला हात लावला नाही. दाराशी उभ्या वाग्देवीला तिने ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. “ही चित्रं राहू द्या, मारायरे,” ती निरंजनला म्हणाली. “घाट बंद पडला की तुमचं यंत्र काय करतं तेवढं दाखवा.”

“अवश्य, अक्का. आता प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी किट्टू आधी मला विचारतो. खुद्द मला.” त्याने तिच्याच गाडीची फेरी लावलेला चाचणीचा फोन तिच्या हातात दिला. “तुम्हीच ड्रायव्हर व्हा.”

शारदक्का फोनमध्ये बोलली, “शिराडीत दरड पडलीय. गाडीत अंजल आहे. फेरी काही पुढे सरकत नाही.”

निरंजनने आपला फोन टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला, आता वाजेल म्हणून. तो वाजला नाही. पडद्यावर किट्टूची अक्षरं उमटली आणि त्याचा गोड आवाज आला. “गाडी थांबवली आहे, थंडावा चालू ठेवला आहे. माल शारदक्का मेंडन यांचा आहे, म्हणून पुढचं त्यांनाच विचारतो. अक्का, वाट पाहायची की माल माघारी न्यायचा?”

शारदक्काच्या भुवया वर गेल्या. “हे बरं करतंय की.”

अहल्याबाईही मान हलवत होत्या. सगळं तिथेच संपलं असतं. निरंजनचंही काही बिघडलं नसतं. पण त्याचा फोन वाजला नव्हता ना. ते त्याला सहन होईना. “एक मिनिट, काहीतरी गडबड आहे,” असं म्हणून तो स्वतः पडद्याकडे वळला. “किट्टू, तू निरंजन तलकाड यांना का नाही विचारलंस?”

दाराशी उभी वाग्देवी एक पाऊल आत आली.

“तसं करू नये, अशी त्या अवजाराच्या वर्णनात सूचना आहे,” किट्टू म्हणाला. “नाशवंत माल असताना किंवा निर्णय चुकल्यास कुणाचं नुकसान होणार असताना ते वापरायचं नाही. श्री. तलकाड प्रश्नाची पहिली ओळच वाचतात असं त्यात नमूद आहे. आपल्याला पूर्ण वर्णन दाखवू का?”

“नको,” निरंजन म्हणाला.

“दाखव,” अहल्याबाई म्हणाल्या.

ते पडद्यावर आलं. अहल्याबाईंनी चष्मा लावून मोठ्याने, सावकाश वाचलं. “हे अवजार निरंजन तलकाड यांना प्रश्न पाठवतं आणि त्यांचं उत्तर परत आणतं. उत्तर लवकर येतं, कारण प्रश्नाची पहिली ओळच वाचली जाते. महत्त्वाची अट दुसऱ्या ओळीत असल्यास ती वाचली गेली नाही असं धरावं. उत्तरादाखल अंगठा आल्यास त्याचा अर्थ ‘पोचलं’ एवढाच घ्यावा, ‘तपासलं’ असा घेऊ नये. नाशवंत माल असताना, किंवा निर्णय चुकल्यास कुणाला नुकसान सोसावं लागणार असताना वापरू नये. मालाच्या मालकाला थेट विचारावं. निर्णय चुकल्यास दोष विचारणाऱ्याकडे परत येतो, हे लक्षात ठेवावं. लेखक: निरंजन तलकाड.”

मग अहल्याबाईंनी चष्मा काढला. “निरंजन, हे तू लिहिलंस?”

वाग्देवीने याच क्षणाची वाट पाहिली होती. हो म्हटलं तर स्वतःच्या सहीने सगळं कबूल. नाही म्हटलं तर न वाचता सही केली हे कबूल. तिने चारी बाजू बांधून घेतल्या होत्या, आणि आता ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्याचा रंग उतरताना बघणं तिला फार, फार आवडलं.

“नाही, मॅडम. मी कशाला असलं... मी फक्त मंजूर केलं.”

“न वाचता?”

निरंजन पडद्याकडे वळला. जन्मात पहिल्यांदा तो काहीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. त्याचे ओठ हलत होते. खोटं एक वाक्य सापडावं म्हणून तो धडपडत होता. पुन्हा वरपासून वाचलं. सापडलं नाही.

शारदक्का हसली. “म्हणजे खरंच आहे की सगळं. यंत्राला कळलं, तुम्हाला माणसांना कसं नाही कळलं?”

वाग्देवीने गप्प राहायचं ठरवलं होतं. नाव त्याचं होतं; ती सहीसलामत सुटली असती. पण निरंजन खोलीभर बघत होता, कुणी केलं असेल म्हणून, आणि त्याची नजर तिच्यावरून सरकून पुढे गेली. ती असेल हे त्याच्या डोक्यातच येईना. ते तिला सोसवलं नाही.

“मी लिहिलंय,” ती म्हणाली. “आणि ‘फेरी संपवा’चं मूळ वर्णनही मीच लिहिलं होतं. गाडीत माल असेल तर वापरू नये, असं त्यात होतं. ते काढायला यांनी लावलं, खाली कॉफी पिताना. मी काढलं. तेवढी चूक माझी.” या वेळी ती कुठेही अडखळली नाही.

“मॅडम, ही बनवतेय—” निरंजनने सुरुवात केली. अहल्याबाईंनी नुसतं पडद्याकडे बोट केलं आणि तो थांबला.

मग त्या वाग्देवीकडे वळल्या. “केदिलाय,” त्या म्हणाल्या, “त्या मासळीचा ठपका तुझ्यावरून काढला. आणि पाहुण्यांसमोर घरच्या माणसाची अब्रू काढलीस, चालू यंत्रात घालून काढलीस, म्हणून उद्यापासून येऊ नकोस. तुला माहीत होतं ना हे?”

“हो, मॅडम.”

“आणि हा?” शारदक्काने हनुवटीने निरंजनकडे दाखवलं.

“त्याचं मी बघते.”

“काढू नका त्याला,” शारदक्का म्हणाली. “मी करार करते, आत्ता करते. पण ते लिहिलेलं तसंच राहू द्या. त्याच्या नावासकट. एक शब्द हलला तर आम्ही मासळी दुसऱ्याकडे देऊ. माझी मासळी घाटात असताना यंत्राने ते रोज वाचलं पाहिजे.”

अहल्याबाईंनी निरंजनकडे पाहिलं, मग करारावर अवलंबून असलेल्या माणसांचा, गाड्यांचा, किनाऱ्याचा हिशेब मनात केला असावा. “राहील,” त्या म्हणाल्या. तो शब्द फिरणारा नव्हता हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. निरंजनची खुर्ची राहणार होती, टेबल राहणार होतं, पगार राहणार होता. फक्त त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. वाग्देवीने याहून मोठं काही मागायचं धाडस स्वतःच्या मनातही केलं नव्हतं.

तिने आपल्या टेबलावरची पिशवी उचलली. जिन्याच्या तोंडाशी निरंजन तिच्या मागे आला. त्याचा आवाज उतरला होता. “तुला माझ्याबद्दल इतकं वाटत होतं तर एकदा तोंडावर सांगायचं होतंस. मी ऐकलं असतं.”

ती वळली. “सांगितलं होतं, सर. ‘फेरी संपवा’च्या वेळी तीन ओळींत सांगितलं होतं. दोन तुम्ही काढायला लावल्यात.”

आणि ती जिना उतरून गेली.